हँक इतक्या लवकर का मरतो? 'ओझिमँडियस'ची बांधणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका गुन्हेगारी मालिकेची पटकथा लिहिताय. नायकाच्या घरातल्या माणसाचा खून होतो तो भाग हातात आहे आणि खून तुम्ही शेवटच्या सीनला ठेवलाय, कारण सगळ्यात मोठा धक्का शेवटी द्यायचा असं सगळेच सांगतात. मग तुम्ही 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेचा 'ओझिमँडियस' हा भाग पुन्हा पाहिलात. त्यात नायकाचा साडू हँक सुरुवातीलाच मारला जातो, आणि तरी उरलेला भाग ढिला पडण्याऐवजी आवळत जातो. हे कसं जमवलंय आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल, असं तुम्ही विचारलंय.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी काहीही राखून ठेवणार नाही.

आधी उत्तर सांगतो, मग तपशिलात जातो. या भागात गोळी एकदाच निर्णायक सुटते. त्यानंतरचा सगळा वेळ ती बातमी कुणाकडे, कुणाच्या तोंडून आणि कुठल्या शब्दांत पोहोचते यात जातो. लेखिकेने खून लवकर उरकला, कारण तिला खुनानंतरचा वेळ हवा होता. तुम्ही खून शेवटी ठेवता तेव्हा हाच वेळ पुढच्या भागावर ढकलता. आठवड्याने प्रेक्षक परत येतो तोवर त्याचा धक्का शिळा झालेला असतो आणि तो चहाचा कप हातात घेऊन 'आता बदला कोण घेणार' एवढंच बघायला बसतो.

थोडा संदर्भ. हा पाचव्या हंगामाचा चौदावा भाग, एकूण ६२ भागांपैकी ६०वा. १५ सप्टेंबर २०१३ रोजी एएमसी वाहिनीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन मोइरा वॉली-बेकेट यांचं, दिग्दर्शन रायन जॉन्सन यांचं. पुढच्या वर्षी याच पटकथेसाठी वॉली-बेकेट यांना एमी हा टेलिव्हिजनचा पुरस्कार मिळाला. नाव इंग्रजी कवी शेलीच्या १८१८ सालच्या कवितेवरून घेतलंय: वाळवंटात पडलेला एका सम्राटाचा भग्न पुतळा, चौथऱ्यावर कोरलेली त्याची बढाई आणि भोवती नुसती वाळू. मालिकेत हे वाळवंट न्यू मेक्सिकोतलं आहे.

गोष्ट कुठे येऊन ठेपली होती तेही सांगून टाकतो. अल्बुकर्कीतला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट कर्करोगाचं निदान झाल्यावर मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो आणि पुढे त्या धंद्याचा बादशहा होतो. त्याचा साडू हँक श्रेडर अमली पदार्थविरोधी खात्यात, म्हणजे डीईएमध्ये, अधिकारी आहे आणि इतकी वर्षं ज्याच्या मागावर होता तो माणूस आपल्याच घरातला निघाला हे त्याला अखेर कळलेलं आहे. आधीच्या भागात हँक आणि त्याचा सहकारी गोमेझ तोहाजीलीच्या वाळवंटात वॉल्टला बेड्या घालतात. हँक तिथूनच बायकोला, मारीला, फोन करतो आणि पकडलं म्हणून सांगतो. हा फोन लक्षात ठेवा. मग जॅक नावाच्या गुंडाची टोळी येते, दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू होतो आणि ऐन धुमश्चक्रीत भाग तुटतो.

आठवडाभर प्रेक्षकांचा जीव टांगणीला. 'ओझिमँडियस' सुरू होतो आणि समोर काय येतं, तर पहिल्या हंगामातली तीच जागा, वॉल्ट आणि त्याचा जुना विद्यार्थी व धंद्यातला भागीदार जेसी यांची पहिली मेथ शिजवण्याची वेळ, जुनी व्हॅन आणि अंतर्वस्त्रावर उभा असलेला वॉल्ट. रसायनाची प्रक्रिया चालू असताना मधल्या वेळात तो बाजूला जाऊन बायकोशी बोलायच्या थापेची तालीम करतो. मालक उशिरापर्यंत थांबवतोय, यायला वेळ होईल, वगैरे. मग फोन लावतो. घरी स्कायलर गरोदर आहे, बाळाचं नाव हॉली ठेवूया का म्हणून विचारते. मागे जेसी काठी हातात घेऊन कंटाळलेल्या पोरासारखा वेळ घालवतोय. फोन संपतो. आणि मग त्या चौकटीतून आधी वॉल्ट विरतो, मग जेसी, मग व्हॅन. रिकामं माळरान उरतं. त्यात आजच्या गाड्या उमटतात आणि गोळ्यांचा आवाज येतो.

पुष्कळ जण या सुरुवातीला नॉस्टॅल्जिया म्हणतात. मला ती भागाची किल्ली वाटते. या प्रसंगात वॉल्ट स्कायलरला फोनवर पहिली मोठी थाप मारतो. भाग संपत येतो तेव्हा तो तिला पुन्हा फोन करतो आणि शेवटची थाप मारतो. पहिली स्वतःला वाचवायला, शेवटची तिला. मधली सगळी पडझड या दोन फोनांच्या मध्ये बसवलेली आहे. आणखी एक बघून ठेवा: घरातल्या त्या शॉटमध्ये स्कायलर ज्या ओट्यापाशी फोन उचलते तिथे शेजारीच सुऱ्यांचा लाकडी ठोकळा आहे. फोन आणि सुरी शेजारी शेजारी. कुणीही त्याकडे बोट दाखवत नाही. पुढे तिला या दोनांतलं एक निवडायचं असतं.

आता खून. गोळीबार आपल्याला दाखवतच नाहीत, तो संपल्यावर आपण पोहोचतो. गोमेझ मेलेला आहे. हँकच्या पायात गोळी आहे आणि तो गोमेझच्या बंदुकीकडे सरपटतोय. जॅक येऊन उभा राहतो. वॉल्ट गाडीत बेड्यांसकट ओरडतोय, मारू नकोस, तो माझा घरचा माणूस आहे. मग तो सौदा मांडतो: इथेच आठ कोटी डॉलर पुरलेत, सगळे घे, याला सोड. इथे लेखिकेने जे केलंय ते पटकथा लिहिणाऱ्याने वहीत उतरवून घ्यावं. हँक वॉल्टला सांगतो, तू मला भेटलेला सगळ्यात हुशार माणूस, पण जॅकने दहा मिनिटांपूर्वीच ठरवून टाकलंय एवढं तुला दिसत नाही. म्हणजे आपल्या मरणाची बातमी सगळ्यात आधी हँकला कळलेली आहे. गयावया करणारा वॉल्ट हाच त्या माळावरचा एकमेव अनभिज्ञ माणूस. हँक स्वतःचं नाव हुद्द्यासकट सांगतो, जॅकला एक कचकचीत शिवी देतो आणि पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळी सुटते.

शॉट लांबून घेतलाय. हँकच्या चेहऱ्यावर जखम नाही, हळू गतीने उडणारं रक्त नाही. आवाज माळावर घुमतो आणि त्यानंतर जवळून दिसतो तो वॉल्ट. तो कोसळतो, गाल मातीला टेकतो, तोंड उघडं आणि आवाज गायब. कवितेतला वाळूत पडलेला चेहरा हाच, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. नाही कळलं तरी काही अडत नाही. मारला गेलेल्याचा क्लोजअप घ्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. पण मरणारा माणूस संपलेला असतो, त्याच्याकडे पुढे काही घडायचं नसतं. ज्याला आता जगायचंय त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवला की सीन चालू राहतो.

एक कडवट गंमत इथेच पेरलेली आहे. टोळीला ही जागा कशी सापडली? वॉल्टनेच फोनवर जॅकला नकाशावरची जागा सांगणारे जीपीएस आकडे दिले होते, आणि ते आकडे पैसे पुरलेल्या जागेचेच होते. त्यामुळे हँकला मारल्यावर जॅकला खणायला फारसं शोधावं लागत नाही. सात पिंपं निघतात. त्याच खड्ड्यात हँक आणि गोमेझला टाकतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते डोळ्यांदेखत. एक पिंप जॅक वॉल्टला 'ठेव' म्हणून देतो, साधारण एक कोटी दहा लाख डॉलरचं. टोळीतला तरुण टॉड मात्र सभ्यपणे म्हणतो, तुमचं फार वाईट झालं. टॉडच्या त्या वाक्याने मला गोळीपेक्षा जास्त शहारा आला होता.

यानंतर वॉल्ट जेसीला पकडून देतो, आणि त्याच्यापुढे जे होतं ते माझ्या मुद्द्याचा सगळ्यात क्रूर दाखला आहे. टोळी जेसीला न्यायला निघालेली असताना वॉल्ट थांबवून त्याला सांगतो, जेन, म्हणजे जेसीची प्रेयसी, मरत होती तेव्हा मी तिथे होतो. वाचवू शकलो असतो, वाचवलं नाही. जेनचा मृत्यू दुसऱ्या हंगामातला, २००९ सालचा. म्हणजे ही बातमी प्रेक्षकांकडे चार वर्षं पडून होती. ज्याला ती कळायला हवी होती तो एकटाच अंधारात होता. तिसऱ्या हंगामातल्या 'फ्लाय' या भागात वॉल्ट झोपेच्या गोळीच्या अमलाखाली जेसीला हे सांगण्याच्या अगदी उंबरठ्यावर येतो आणि थांबतो. तो भागही रायन जॉन्सन यांनीच दिग्दर्शित केलेला. तेव्हा ती कबुली झाली असती तर पश्चात्ताप ठरली असती. इथे तीच माहिती हत्यार म्हणून वापरली जाते. मजकूर एकच, फक्त सांगण्याची वेळ बदलली, आणि सांगणारा माणूस वेगळाच दिसायला लागला. तुमच्या मालिकेत असं एखादं दडवलेलं सत्य असेल तर ते कुठल्या भागात फुटतं यावर पात्राचं चारित्र्य ठरतं, एवढं मनात ठेवा.

मग श्रेयनामावली. कलाकार-तंत्रज्ञांची नावं सहसा शीर्षकाला लागूनच येतात. इथे ती जवळजवळ वीस मिनिटं थोपवून धरली आहेत. गाडीतलं इंधन संपलेला वॉल्ट पिंप लोटत माळावरून चाललाय, मागे 'टेक माय ट्रू लव्ह बाय द हँड' हे द लाइमलायटर्सचं जुनं गाणं, आणि तेव्हा पडद्यावर नावं उमटू लागतात. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही याचं मोल कळेल. पडद्यावर नाव आलं की प्रेक्षक क्षणभर गोष्टीच्या बाहेर येतो. हँकच्या मरणावर कुणाचंही नाव झळकू नये म्हणून हा सगळा खटाटोप. शिवाय नावं आली की प्रेक्षकाला वाटतं की भाग आत्ता कुठे सुरू होतोय, आणि ते खरंच आहे. पिंप ढकलताना बाजूला वॉल्टची ती पहिल्या भागात उडालेली पँट पडलेली दिसते. दिसली तर हसू येतं, नाही दिसली तर काही बिघडत नाही.

इथून खरा भाग.

पुढचा मोठा प्रसंग गाड्या धुण्याच्या सेंटरमधला, जे वॉल्ट आणि स्कायलर काळा पैसा पांढरा करायला चालवतात. मारी येते. नवऱ्याचा फोन आलाय, वॉल्टला अटक झालीय, तिचा पक्ष जिंकलेला आहे. ती बहिणीला ठणकावून अटी सांगते: हँकला अडकवण्यासाठी केलेल्या त्या खोट्या कबुलीच्या चित्रफितीच्या सगळ्या प्रती माझ्या हवाली कर, आणि मुलाला आत्ताच्या आत्ता सगळं खरं सांग. स्कायलर मोडून पडते. मारी कडक आहे पण दुष्ट नाही, बहिणीला पुन्हा जवळ घ्यायची तिची तयारी दिसते.

या प्रसंगात आवाज चढत नाही, बंदूक नाही. कागदावर वाचला तर दोन बहिणींचं ऑफिसातलं बोलणं. पण प्रेक्षकाला माहीत आहे की मारी विधवा झालेली आहे. ती हँकचं नाव घेते त्या प्रत्येक वेळी काळजात चर्र होतं. तुम्ही खून शेवटी ठेवलात तर हा प्रसंग तुम्हाला मिळतच नाही. तुमच्याकडे फक्त जिंकलेली मेव्हणी आणि हरलेली बहीण उरेल, आणि तो सीन बरा म्हणण्याइतपत होईल. खून आधी आला की त्याच संवादाखाली आगीची शेगडी लागते. संवाद बदलावा लागत नाही, क्रम बदलावा लागतो. आधीच्या भागातला हँकचा तो फोन इथे कामाला येतो. त्या फोनशिवाय मारीच्या विजयाला आधार नसता. म्हणजे ज्या फोनने आधीच्या भागात प्रेक्षकाला गोड निरोपाची चाहूल दिली, त्यानेच इथे फास तयार केला.

मुलाला सांगितलं जातं. वॉल्टर ज्युनियर विश्वास ठेवत नाही, आणि हे खरं असेल तर तूही त्याच्याइतकीच वाईट आहेस असं आईला सुनावतो. त्याच्यापर्यंत एक बातमी पोहोचली, पण अर्धी. बाप गुन्हेगार आहे हे कळलं, मावशीचा नवरा गेलाय हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

मग घर. माझ्या मते टेलिव्हिजनवरचे चार-पाच सर्वोत्तम लिहिलेले प्रसंग काढायचे ठरवले तर हा त्यात येईल. वॉल्ट भराभर बॅगा भरतोय. स्कायलर आणि मुलगा येतात. अटकेत असायला हवा होता तो माणूस समोर उभा. तो म्हणतो, चला, आवरा, माझ्याकडे एक कोटी दहा लाख आहेत, नवं आयुष्य सुरू करू. स्कायलरच्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय: हा मोकळा आहे, तर हँक कुठे आहे? ती विचारते. तो टाळतो. ती पुन्हा विचारते. तो म्हणतो, मी वाटाघाटी केल्या. ती म्हणते, म्हणजे काय? आणि मग तिला कळतं, तू त्याला मारलंस. यावर तो उसळून म्हणतो, नाही, मी त्याला वाचवायचा प्रयत्न केला.

हे वाक्य नीट पाहा. वॉल्ट स्वतःचा बचाव करतोय आणि तो खरंच बोलतोय, या भागात त्याने बोललेल्या मोजक्या खऱ्या वाक्यांपैकी हे एक. पण त्याच वाक्याने हँक मेल्याची खात्री पटते. 'हँक मेला' असं कुणीही म्हणत नाही. मरणाची खबर सफाईच्या वाक्यातून गळून पडते. नवखा लेखक इथे हमखास लिहितो, 'स्कायलर, हँक आता या जगात नाही', मग संगीत, मग किंकाळी. बातमी सांगण्याच्या हेतूने सांगितली की ती निवेदन होते. सांगणाऱ्याला दुसरंच काही साधायचं असताना ती निसटली की ऐकणाऱ्याला ती स्वतः पकडावी लागते, आणि प्रेक्षकही तिच्याबरोबर पकडतो.

स्कायलर ओट्याकडे पाहते. चौकटीत फोन आहे आणि सुऱ्यांचा ठोकळा आहे. ती सुरी घेते. वॉल्टच्या हातावर वार होतो, दोघं जमिनीवर लोळतात. यात हिंसेचं कौशल्य कुठेच नाही, कुणी चपळ नाही, कुणी शूर नाही. दोन मध्यमवयीन माणसं घराच्या जमिनीवर एका सुरीसाठी झोंबतायत आणि शेजारी तान्ही पोर रडतेय. अख्ख्या मालिकेत लोकांना आम्लात विरघळवलं गेलंय, स्फोटात अर्धा चेहरा उडालाय. पण प्रेक्षकाला पडद्यावरून नजर वळवावीशी वाटते ती इथे. मुलगा मध्ये पडतो, बापाला ढकलतो, आईवर आडवा होतो. वॉल्ट उभा राहून ओरडतो, तुम्हाला झालंय काय, आपण एक कुटुंब आहोत! मग तेच वाक्य हळू आवाजात, जणू स्वतःलाच विचारल्यासारखं.

आणि मुलगा पोलिसांना फोन लावतो. फोनवर तो सांगतो की वडिलांनी आईवर सुरी उगारली. ही गोष्ट खरी नाही, सुरी आईने काढली होती. पहिल्या सीनमध्ये बाप फोनवर थापेची तालीम करत होता. आता पोरगा तालमीशिवाय, एका क्षणात, आईला वाचवणारं खोटं बोलतो. लेखिकेने यावर एक शब्दही खर्च केलेला नाही.

वॉल्ट हॉलीला उचलून निघून जातो. स्कायलर गाडीमागे धावते आणि रस्त्यावर गुडघे टेकते. स्कायलर साकारणाऱ्या ॲना गन यांच्या कामाबद्दल बोलायलाच हवं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे हा भाग दाखवला जाण्याच्या काही आठवडे आधी, त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून या पात्राला आणि पर्यायाने त्यांना स्वतःला मिळणाऱ्या द्वेषाबद्दल मोकळेपणाने मांडलं होतं. नवऱ्याला अडवणारी, कुरकुर करणारी बायको म्हणून स्कायलरचा तिरस्कार करणारे हजारो लोक होते. हे ध्यानात ठेवून पुढचा फोन ऐका.

त्याआधी एक छोटा प्रसंग. सार्वजनिक स्वच्छतागृहात वॉल्ट हॉलीचा डायपर बदलतोय आणि ती 'मामा' म्हणते, पुन्हा पुन्हा. हे संहितेत नव्हतं. बाळाची खरी आई कॅमेऱ्याच्या पलीकडे उभी होती, बाळाने तिला पाहून हाक मारली, आणि वॉल्ट साकारणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टन यांनी सीन न तोडता ती हाक आत घेतली. दैवाने दिलेली भेट म्हणू शकता. पण बाळाची हाक चालू असताना नट पात्रातून बाहेर आला असता तर ती भेट वाया गेली असती. वॉल्टच्या चेहऱ्यावर तेव्हाच ठरतं की पोर परत द्यायची.

आता तो फोन. घरात पोलीस बसलेत, मारी आहे, मुलगा आहे, संभाषण रेकॉर्ड होतंय. वॉल्ट विचारतो, एकटी आहेस ना, पोलीस नाहीत ना? ती नाही म्हणते. तिलाही ठाऊक, त्यालाही ठाऊक. मग तो तिच्यावर बरसतो: तू कधी साथ दिली नाहीस, सतत रडगाणं, माझ्या धंद्याची तुला अक्कल काय, हे सगळं मी उभं केलं, मी एकट्याने. काही प्रेक्षकांनी पहिल्या खेपेला हे सरळ अर्थाने घेतलं, वॉल्टचा खरा चेहरा उघडा पडला म्हणून. काहींना मध्येच उमगलं की तो पोलिसांना ऐकवतोय, धमकावलेली निरपराध बायको म्हणून तिला यातून सोडवतोय. स्कायलरलाही हे मध्येच उमगतं, आणि गन यांच्या चेहऱ्यावर तो क्षण दिसतो. ती सूर बदलते, माफी मागते, म्हणजे नाटकात सामील होते. दुसऱ्या टोकाला क्रॅन्स्टन आवाज करडा ठेवून हुंदके गिळतायत.

पण मला इथे दोन्ही अर्थ खरे वाटतात. तो नाटक करतोय, आणि नाटकासाठी शब्द शोधावे लागत नाहीत, कारण ते त्याच्याकडे साठलेले आहेत. हीच ती भाषा जी स्कायलरचा द्वेष करणारे वापरत होते. लेखिकेने ती त्यांच्याच तोंडून काढून वॉल्टच्या तोंडी दिली आणि ऐकायला किती विद्रूप वाटते ते दाखवलं. केवळ 'वॉल्टने बायकोला वाचवलं' एवढ्यावर हा प्रसंग निकालात काढणाऱ्यांनी तो पुन्हा ऐकावा.

आणि माझा मुख्य धागा इथेच पूर्ण होतो. फोनवर स्कायलर विचारते, हँक कुठे आहे? तो सांगतो, हँक तुला पुन्हा कधीच दिसणार नाही. तिला हे आधीच कळलेलं आहे. ती हा प्रश्न शेजारी बसलेल्या मारीसाठी विचारते. ज्या बाईने काही तासांपूर्वी नवऱ्याच्या विजयावर अटी घातल्या होत्या, तिला त्याच्या मरणाची खबर दुसऱ्याला केलेल्या फोनमधून, पोलिसांनी वेढलेल्या खोलीत मिळते. हँकचा मृत्यू सगळ्यात जास्त जिचा, तिला तो सगळ्यात शेवटी कळतो. कॅमेरा तिच्यावर फार रेंगाळत नाही.

नंतर वॉल्ट हॉलीला अग्निशमन केंद्रातल्या बंबात ठेवून जातो, आत जवान बुद्धिबळ खेळतायत, आणि नवी ओळख मिळवून देणाऱ्या माणसाची लाल व्हॅन येऊन वॉल्टला पिंपासह घेऊन जाते.

भागाला काही उणी बाजू आहे का? माझ्या मते जेसीला वाटा कमी मिळालाय. त्याचा सुजलेला चेहरा, साखळी, आणि प्रयोगशाळेत टोचलेला जेसीची नंतरची प्रेयसी अँड्रिया आणि तिचा मुलगा ब्रॉक यांचा फोटो एवढ्यावर काम भागवलंय. छळ दाखवला नाही हे बरंच केलं, पण घरातल्या प्रसंगांच्या तुलनेत तो धागा घाईने बांधलेला वाटतो. आणि जॅकची टोळी मुळातच जरा सोयीची आहे. अडचण आली की बंदुका घेऊन हजर. तुमच्या मालिकेत असे लोक असतील तर त्यांना एखादी तरी अशी गरज द्या जी कथानकाच्या गरजेशी जुळत नाही.

तुमच्या मसुद्याबद्दल. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यानुसार नायकाच्या भावाचा खून शेवटच्या सीनला, प्रेक्षकासमोर, तपशिलात आहे आणि वहिनी त्या वेळी घरी त्याची वाट बघतेय. माझ्या अनुभवात अशा भागात आधीचे सगळे सीन खुनाची वाट बघत बसतात आणि लेखक त्यांच्यात खोटी धडपड भरत राहतो. खून पहिल्या ब्रेकच्या आत आणा. शॉट लांबून लिहा आणि त्यानंतर लगेच कुणाचा चेहरा दाखवायचा ते संहितेतच ठरवा, सेटवर सोडू नका.

मग कागदावर नावांची यादी करा: आई, वहिनी, मुलगा, ज्याने सुपारी दिली तो, आणि नायक. प्रत्येकाला ही बातमी कधी कळते, कोण सांगतं, आणि सांगणारा त्या क्षणी खरं तर दुसरं काय साधायला बघत असतो, ते समोर लिहा. तिसऱ्या रकान्यात 'काही नाही' आलं तर तो सीन निवेदन होणार हे धरून चाला. यादीत एक तरी माणूस असा हवा ज्याला चुकीची बातमी आधी मिळालेली आहे आणि जो तिच्या जोरावर काहीतरी करून बसतो. तुमच्या आराखड्यात ती जागा वहिनीची आहे. तिला भावाचा शेवटचा फोन आधीच्या भागात येतो असं तुम्ही लिहिलंय, पण त्या फोनचा पुढे उपयोग केलेला नाही. त्या फोनच्या भरवशावर ती सासूशी भांडून घर सोडायला निघते, असा एक प्रसंग लिहून बघा. खून त्याच्या आधी ठेवा. पोलिसांचा लांबलचक खुलासा मग बहुधा काढता येईल, आणि तुमचे निम्मे किंकाळीचे सीनसुद्धा.